शब्द न देण्याचा शब्द

६ फेब्रुवारी

प्रिय छोटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. तुझं पत्र येऊन पाच आठवडे झाले. रोज लिहायला बसत होतो आणि रोज काहीतरी निघत होतं. आधी पेन चालेना, मग चष्म्याची दांडी तुटली, मग तालमी सुरू झाल्या. खरं सांगायचं तर तिसरंच कारण खरं आहे. फोनवर सांगता आलं असतं, पण मी फोनवर बोलायला लागलो की सूनबाई टीव्हीचा आवाज कमी करते, आणि मला सगळंच तिच्यासमोर बोलायचं नसतं.

सोबत आमच्या सभागृहाचं पत्रक पाठवतो आहे. जपून ठेव, जास्त छापलेली नाहीत. यंदा चार शनिवार कार्यक्रम आहेत. अठरा तारखेला आमचं नाटक. पुढच्या शनिवारी शाळेच्या मुलांचं समूहगान. त्यानंतर पाणीपुरवठा खात्यातल्या निवृत्त लोकांचा वाद्यवृंद. त्यांच्यात बासरीवाले चार आहेत आणि ताल धरणारा कुणी नाही, त्यामुळे चौघे चार वेळेला संपतात. आणि अकरा मार्चला आमच्याच नाटकाचा दुसरा प्रयोग. पत्रकावर सगळ्यांची नावं आहेत, खुर्च्या पुरवणाऱ्याचंसुद्धा. प्रॉम्प्टरचं नाही. ते कधीच नसतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी आपलं सांगितलं.

काळजीचं कारण वेगळंच आहे. यंदा नाटक बसवायला नवीन बाई आल्या आहेत. कॉलेजात शिकवतात, हुशार आहेत, पण त्यांना पॉज फार आवडतो. तुला माझं काम ठाऊक आहे. विंगेत बसायचं, वही मांडीवर घ्यायची, आणि नट अडखळला की पुढचे दोन-तीन शब्द हळूच द्यायचे. नटाला ऐकू गेलं पाहिजे, प्रेक्षकांना जाता कामा नये. अडतीस वर्षं मी हेच केलं. आता नट गप्प झाला की तो विसरला आहे की पॉज घेतो आहे, हे मला कसं कळावं? मंगळवारच्या तालमीत मी सात वेळा शब्द दिला. सातव्या वेळी बाई रंगमंचावर चढून आल्या.

"आजोबा, तो पॉज आहे."

मी म्हटलं, "मला वाटलं, विसरले."

"विसरलेले नाहीत. विचार करताहेत."

"वहीत तसं काही लिहिलेलं नाही, बाई."

"विचार लिहीत नसतात, आजोबा."

सगळे हसले. सर्वांत मोठ्याने हसले ते दातांचे डॉक्टर. ते नाटकात बापाचं काम करतात, आणि त्या सातांपैकी चार वेळा ते खरोखर विसरले होते.

आता कानावर आलं आहे की माझ्या कोपऱ्यात दिव्यांचा नवा खोका बसवायचा आहे. म्हणजे माझी खुर्ची उचलणार. मी पाचवीत शाळा सोडली, बाइंडिंगच्या कारखान्यात आयुष्य गेलं, जे काही वाचायला शिकलो ते त्या खुर्चीवर बसून नाटकाच्या वहीतून. खुर्ची गेली तर मी संध्याकाळी जायचं कुठे? घरी बसलो तर सूनबाई मला आणि मी तिला वीट आणू.

मी काय करू ते सांग. अठराला येशील का? निवृत्तांच्या वाद्यवृंदाला गाणारं माणूस हवं आहे, तुझं नाव सुचवू का?

तुझा,
दादा


१० फेब्रुवारी

दादास नमस्कार.

माझा गुडघा मला जिन्यापर्यंत पोचवत नाही, तो तुझ्या गावापर्यंत काय पोचवणार. आणि माझं नाव कुणाला सुचवू नकोस. चार बासऱ्या चार वेळेला संपतात तिथे मी पाचवी कशाला संपू?

आता तुझं. तू मला विचारलंस म्हणून सांगते, नाहीतर तू विचारतोस एक आणि करतोस तुझंच. त्या बाई गप्प बस म्हणाल्या तर गप्प बस. तुला ते जड जाईल हे मला माहीत आहे. लहानपणी पाहुणे एखादी गोष्ट सांगायला लागले की शेवट तू आधी सांगून टाकायचास. आई तुला स्वयंपाकघरात नेऊन बसवायची. शब्द तोंडात धरून ठेवणं तुझ्या प्रकृतीला मानवत नाही. पण खुर्ची टिकवायची असेल तर धरून ठेव. तू तिथे बसलेला आहेस एवढं त्यांना दिसू दे. बोललास तर उचलतील. नुसता बसलास तर विसरून जातील, आणि विसरलेली माणसं कुणी हलवत नाही. शाळेत गाणं शिकवताना मीही अशीच शेवटच्या खोलीत एकोणतीस वर्षं टिकले.

पत्रकावर 'हृदयस्पर्शी कौटुंबिक नाटक' एवढंच छापलंय. गोष्ट काय आहे ती तू लिहिली नाहीस. नेहमी तू दोन पानं गोष्टच लिहितोस. बरा आहेस ना?

तुझी,
छोटी


१३ फेब्रुवारी

प्रिय छोटीस आशीर्वाद.

तुझं ऐकलं. काल तालीम संपल्यावर बाईंकडे गेलो आणि म्हटलं, माझं चुकलं. त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी मला बसायला स्टूल दिलं. म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही प्रयोगाला विंगेत बसा. तुमच्यासारखी जुनी माणसं असली की धीर येतो. फक्त शब्द द्यायचा नाही. काहीही झालं तरी. शब्द द्या मला."

मी क्षणभर गोंधळलो. म्हटलं, "देऊ की नको?"

त्या म्हणाल्या, "शब्द द्या, की शब्द देणार नाही."

तर मी शब्द न देण्याचा शब्द दिला आहे. डॉक्टर शेजारीच मेकअपच्या आरशात स्वतःचे दात बघत होते. ते म्हणाले, "आजोबांनी शब्द दिला म्हणजे पाळतील, बाई. आता दुसरा शब्द नाही." पुन्हा सगळे हसले. मी पण हसलो, कारण मला खुर्ची हवी आहे.

पण छोटे, मला झोप नीट लागत नाही. डॉक्टरांना दुसऱ्या अंकाच्या शेवटी दीड पानाचं भाषण आहे. तिथे दुसरं पात्र एक शब्द बोलत नाही, म्हणजे धरायला दांडा नाही. तालमीत ते भाषण त्यांनी एकदाही आधाराशिवाय म्हटलेलं नाही. दिवसभर लोकांची तोंडं उघडून बसतात, पाठ कधी करणार?

गोष्टीचं विचारलंस. विशेष काही नाही. एक बाप आहे, एक मुलगी आहे आणि एक घर आहे. मोजणी खात्यात नकाशे काढणारे एक गृहस्थ आहेत, त्यांनी लिहिलं आहे. आम्ही त्यांना नकाशेवालेच म्हणतो. बाकी सगळ्या नाटकांत असतं तसंच.

गुडघ्याला शेक देतेस का? नुसतं तेल लावून भागत नाही.

तुझा,
दादा


२२ फेब्रुवारी

दादा,

तुझ्या मुलाने दुसऱ्या अंकाचा शेवट फोनवर पाठवला. त्याने तो प्रेक्षकांतून घेतलाय, पुढच्या माणसाचं टक्कल अर्ध्या चित्रात आहे. सोबत साप्ताहिकातल्या परीक्षणाचा फोटो. 'गेल्या कित्येक वर्षांत इतकी बोलकी शांतता आमच्या रंगमंचावर अवतरली नव्हती.' तू काही कळवलं नाहीस, चार दिवस झाले.

तू मला गोष्ट का सांगितली नव्हतीस ते कळलं.

मुलगी दारात उभी. बाप टेबलाशी बसून खिळे निवडतोय. लहान एका डब्यात, मोठे दुसऱ्यात. मी फोन तिथेच बंद केला आणि गॅसवर काही नसताना गॅस बघून आले. मग परत लावला.

आठ महिने मी त्या गाण्यांच्या पार्टीबरोबर गावोगाव फिरले आणि परत आले तेव्हा आपले वडील असेच बसले होते. तू मागच्या दारात होतास. मी "आले" म्हटलं. ते खिळे निवडत राहिले. त्यानंतर अकरा वर्षं ते माझ्याशी सरळ बोलले नाहीत. "तिला सांग, दार लावून घे." "तिला सांग, औषध आणलंय." मी समोर उभी असायचे आणि ते तुला सांगायचे. मग तू मला सांगायचास, जसं काही मला ऐकूच आलं नव्हतं.

मी आजवर समजत होते की त्या शांततेत काही नव्हतं. नुसतं दगडासारखं. परवा तुझ्या डॉक्टरांना बघितलं. दोन मिनिटांहून जास्त वेळ तो माणूस काहीच बोलत नाही. हातातला खिळा खाली ठेवतो, उचलतो. अंगठा बोटांवरून फिरवतो. तोंड उघडतो आणि मिटतो. काहीतरी वर येतंय आणि येत नाहीये. शेवटी "बरं" म्हणतो आणि आत जातो. दादा, मला पहिल्यांदाच वाटलं की वडिलांच्याही आत काहीतरी चाललेलं असेल. बोलता येत नसेल, पण चाललेलं असेल.

दोन दिवस झाले, मी ते सात-आठ वेळा बघितलंय. माझ्याकडून त्या डॉक्टरांना नमस्कार सांग. आणि तुझं मन मोठं, की तू गप्प बसून ते होऊ दिलंस.

छोटी


२७ फेब्रुवारी

प्रिय छोटीस,

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. उत्तर लिहावं की नाही याचा दोन दिवस विचार केला. मला रक्तदाबाची गोळी बदलून दिली आहे, तेही एक कारण आहे, पण खरं कारण पुढे लिहितो. वाचून झाल्यावर फाडून टाक.

डॉक्टर विसरले होते.

पॉज नव्हता. बाईंनी ठरवलेल्या प्रत्येक पॉजला मी वहीत लाल टिंब केलं आहे, तिथे ते नाही. मुलगी दारात येते, बाप मान वर करतो आणि लगेच भाषण सुरू होतं, "उभी का आहेस? बस." तिथून दीड पान. डॉक्टरांनी मान वर केली आणि त्यांच्या डोक्यातून सगळं पुसलं गेलं. मला ते कितव्या सेकंदाला कळलं म्हणून विचार. पहिल्या. ते विसरले की त्यांचा अंगठा बोटांच्या टोकांवरून फिरायला लागतो. सहा वर्षं मी तो अंगठा बघतो आहे. तू ज्याला वडिलांचं मन म्हणतेस तो तो अंगठा.

आता यापुढचं वाईट आहे. माझं बोट वहीत बरोबर त्या ओळीवर होतं. तीन शब्द ओठांवर आलेले. मी दिले नाहीत. दिलेला शब्द पाळायचा म्हणून नाही. मनात म्हटलं, बघू दे यांना. प्रॉम्प्टर नसला की काय होतं ते एकदा सगळ्या गावाला दिसू दे. मला वाटलं, अर्ध्या मिनिटात बाई धावत येतील, हात जोडतील. बाई समोरच्या विंगेत दोन्ही हात तोंडावर घेऊन उभ्या होत्या. मी समजलो, घाबरल्या. नंतर त्यांनी सांगितलं की भारावल्या होत्या. दोन्हीत हात तिथेच जातात, मला कसं कळावं?

डॉक्टर "बरं" म्हणून आत आले. पडदेवाल्याने त्यांना जाताना पाहिलं आणि पडदा टाकला. दीड पान तसंच राहिलं. मी खूश होतो, छोटे. म्हटलं, आता लोक खुर्च्या आपटतील. आणि टाळ्या सुरू झाल्या. थांबेचनात.

दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे रांग. सकाळी डॉक्टर आले. त्यांनी माझ्यासाठी मऊ ब्रश आणला होता. इकडचं तिकडचं बोलून म्हणाले, "आजोबा, काल मी तिथे थोडा वेळ घेतला."

मी म्हटलं, "हो. विचार करत होतात."

"तुमच्या लक्षात आलं का?"

"अंगठा लक्षात आला."

ते बराच वेळ माझ्या दातांकडे बघत राहिले. म्हणाले, खालची दाढ कधी दुखली तर थेट या.

दुपारी नकाशेवाले. त्या माणसाने त्या दीड पानासाठी दोन वर्षं घातली आहेत. म्हणाले, "लोक म्हणतात, ती शांतता लिहिणं कसं जमलं. मी सांगितलं, सहज सुचली." आणि डोळे पुसले. संध्याकाळी बाई. त्या म्हणाल्या की हा पॉज त्यांच्या मनात पहिल्या तालमीपासून होता, फक्त कुणाला सांगितला नव्हता. मी हो म्हटलं. मी तिघांनाही हो म्हटलं.

आता फजिती बघ. समितीची बैठक झाली आणि त्यांनी ठरवलं की प्रॉम्प्टरच्या मदतीशिवाय प्रयोग इतका रंगला, तर प्रॉम्प्टर हवाच कशाला. मी गरज दाखवायला गप्प बसलो आणि माझी गरज नाही हे मीच सिद्ध करून दिलं. खोका येणार होता. पण डॉक्टर अडून बसले. त्यांना आता शांतता किती वेळ ठेवायची तेच कळत नाही. तालमीत एकदा वीस सेकंद झाली, एकदा पाच मिनिटं. म्हणून असं ठरलं आहे: अकरा तारखेला मी घड्याळ घेऊन बसायचं. दोन मिनिटं दहा सेकंद झाले की पेन्सिलीने लाकडावर एक टक. मग ते "बरं" म्हणतील. सेक्रेटरींनी सांगितलं, पुढच्या वर्षीही खुर्ची तुमचीच, पण वही उघडायची नाही. मी पुन्हा शब्द दिला आहे.

हे तुला सांगायला नको होतं. तुझं चांगलं चाललं होतं. पण तू माझं मन मोठं म्हणालीस ते माझ्याच्याने वाचवेना.

तुझा,
दादा


३ मार्च

दादा,

पत्र फाडलं नाही. आधी हसले, मग चिडले, मग भांडी घासली.

म्हणजे वडिलांच्या मनात काहीतरी चाललेलं असेल असं मला ज्यावरून वाटलं, ते एका दातांच्या डॉक्टरचं पाठांतर होतं. आणि मी त्यांना नमस्कार धाडला. तू तो सांगितलास का? सांगितला असलास तर परत घेऊन ये.

पण ऐक. तुम्ही सगळे ज्या शांततेला इतके जपताय, ती माझ्याकडे मुबलक आहे. अकरा वर्षांचा साठा आहे. गावाने दोन मिनिटं दहा सेकंद ऐकली आणि टाळ्या वाजवल्या. त्यांना घरी जायचं होतं.

मला दुसरंच विचारायचं आहे. बाप काय म्हणणार होता? ते दीड पान मला लिहून पाठव. आणि हेही सांग, खिळ्यांचे डबे नकाशे काढणाऱ्या माणसाला कुठून सुचले?

छोटी


६ मार्च

प्रिय छोटीस,

खिळ्यांचं मी सांगितलं होतं. तीन वर्षांपूर्वी तालमीला कुणी आलं नव्हतं, मी आणि नकाशेवाले दोघेच होतो, आणि मी आपलं बोलत बसलो. तुझं नाव घेतलं नाही. एका घरात असं झालं, एवढंच म्हटलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि नाटक करून आणलं. अठराला येशील का विचारलं तेही तुझा गुडघा येऊ देणार नाही हे धरूनच; मला वाटलं, तू कधी बघणार नाहीस. पत्रकावर गोष्ट नव्हती म्हणून तर मी ते बिनधास्त पाठवलं.

दीड पान मात्र त्यांचं स्वतःचं आहे. ते मी सांगितलेलं नाही, कारण माझ्याकडे नव्हतं. सगळं उतरवून वेगळ्या कागदावर ठेवलं आहे. अक्षर बरं काढलं आहे. सुरुवात अशी आहे:

"उभी का आहेस? बस. तुझं घर तसंच ठेवलंय असं म्हणणार होतो, पण ते खोटं आहे. तुझ्या खोलीत मी लाकडं ठेवली. खिडकीची काच फुटली, ती बदलली. मी तुझ्यावर रागावलो होतो. मग राग संपला. संपल्यावर काय करायचं असतं ते मला माहीत नव्हतं, म्हणून रागावलेलाच राहिलो. तू आधी बोलशील म्हणून थांबलो. तू 'आले' म्हणालीस तेव्हा तू आधीच बोलली होतीस, हे मला फार उशिरा कळलं."

पुढचं कागदावर वाच. बसून वाच. गुडघ्याचं म्हणून नाही.

मला एक सांगायचं आहे, आपल्या वडिलांनी असं काही मला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी तुला लगेच सांगितलं असतं. तुला माझा स्वभाव माहीतच आहे.

तुझा,
दादा


८ मार्च

दादा,

पान पोचलं. शनिवारी येते. तिसऱ्या रांगेत कडेची खुर्ची ठेवायला सांग, पाय लांब करावा लागतो. घरी उतरणार नाही, परतीची बस साडेआठला आहे.

कागदावर वाचलं, पण हे मला कानांनी हवं होतं. तू दोनदा शब्द दिला आहेस, तो मोड असं मी म्हणत नाही. खुर्ची तुझी आहे. मी नुसती येते.

छोटी


१६ मार्च

प्रिय छोटीस,

शनिवारी तू होतीस का?

मी रविवारपासून हे पत्र लिहितो आहे. तिकीट फाडणारा म्हणतो, तिसऱ्या रांगेत कडेला एक बाई होत्या, पाय बाहेर काढून बसल्या होत्या, लोक त्यांना अडखळत होते. दुसऱ्या अंकाचा पडदा पडायच्या आधी उठल्या की पडल्यावर, हे त्याला सांगता येत नाही. मी त्याला तीनदा विचारलं. तो म्हणाला, "आजोबा, मी तिकिटं फाडतो, माणसं मोजत नाही." विंगेतून मला उजेडापलीकडचं काही दिसत नाही. तिसऱ्या अंकानंतर मी पुढे आलो तेव्हा खुर्ची रिकामी होती. साडेआठची बस होती हे मला माहीत आहे. तुझा फोन लागत नाही.

तू होतीस असं धरून सांगत नाही. नव्हतीस असं धरून, काय झालं ते सांगतो.

सभागृह भरलेलं होतं. लोक शांतता ऐकायला आले होते. काहींनी मनगटावरची घड्याळं वर करून ठेवली होती. मुलगी दारात आली, डॉक्टरांनी मान वर केली आणि शांतता सुरू झाली. मी पेन्सिल धरून घड्याळाकडे बघत होतो. डॉक्टरांचा अंगठा फिरत होता, पण आता मुद्दाम. बाईंनी तो बसवून घेतला आहे. एक मिनिट झालं. त्या सगळ्या लोकांना गप्प बसलेला बाप किती आवडत होता, छोटे. कुणी खोकलंसुद्धा नाही. आणि मला वाटलं, हे चूक आहे. मागच्या दारात उभा राहून मी हे एकदा पाहिलं आहे आणि ते मुळीच चांगलं नव्हतं.

वही उघडायची नव्हती. उघडली नाही, पाठ आहे. एक मिनिट दहा सेकंदांना मी शब्द दिला. "उभी का आहेस?"

डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझे उरलेले सगळे दात एकदम ठणकले. पण शब्द कानावर पडला की नटाचं तोंड उघडतं, त्याला इलाज नाही. ते म्हणाले, "उभी का आहेस? बस." आणि मग त्यांना थांबता येईना. त्यांनी ते भाषण केव्हाच सोडून दिलं होतं, म्हणून मला एकेक वाक्य द्यावं लागलं. आधी मी म्हणायचो, मग ते. दीड पान मी म्हटलं. नेहमीपेक्षा थोडं मोठ्याने म्हटलं असेन. पुढच्या रांगांना ऐकू गेलं, अशी तक्रार आहे.

पडदा पडला. टाळ्या पडल्या, पण कमी, मध्येच थांबलेल्या. साप्ताहिकात आलं आहे: 'दुसऱ्या प्रयोगात दिग्दर्शिकेचा आपल्याच शांततेवरचा विश्वास उडालेला दिसला. भाषण अनावश्यक.' बाई माझ्याशी बोलत नाहीत. मला काही सांगायचं असलं की सेक्रेटरींना सांगतात, "आजोबांना सांगा." नकाशेवाल्यांनी अंधारात माझा हात दाबला आणि उजेडात म्हणाले की हा प्रकार त्यांना मुळीच मान्य नाही. डॉक्टरांनी नमस्कार घेणं सोडलं. खालची दाढ परवापासून खरंच दुखते आहे आणि गावात दुसरे दातांचे डॉक्टर नाहीत.

सोमवारी खोका आला. फार मोठा नाही, कोपऱ्यात बरोबर बसला. मी संध्याकाळी चुकून तिथपर्यंत गेलो आणि परत आलो. सूनबाई म्हणाली, "आज लवकर आलात." मी म्हटलं, "हो." तिने टीव्ही मोठा केला, म्हणजे तिला कळलं आहे. बाइंडिंगचं सामान काढून देते म्हणाली. बघू.

मला पश्चात्ताप आहे का, असं तू विचारशील. आहे. नाही असं लिहिणार होतो, पण रोज सहा वाजतात. तरी मला खुर्चीचं उत्तर नको आहे. मला एवढंच हवं आहे, तू ते ऐकलंस का. सगळं नाही तरी चालेल. "तू आधीच बोलली होतीस" इथपर्यंत होतीस का? माझा आवाज आता पूर्वीसारखा राहिलेला नाही, डॉक्टरांचा तर मुळातच नाकातला. ऐकलं असशील आणि आवडलं नसेल तरी लिही. आधीच उठली असशील तर तेही लिही. मी सगळं परत म्हणू शकतो, तुझ्या घरी येऊन, खोका नाही तिथे.

नुसतं 'हो' किंवा 'नाही' लिहिलंस तरी पुरे, पण लवकर लिही. पोस्टमन आमच्याकडे अकराला येतो. मी साडेदहापासून दारातच असतो.

तुझा,
दादा